बोडीवरची बाई

पहिला फोटो आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा खात होते. नंबर अनोळखी होता. फोटोत एक बोडी होती. आमच्या धानपट्ट्यात शेतांना पाणी मिळावं म्हणून बांधलेल्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. मातीची पाळ, पाळीवर मोहाचं झाड, आणि झाडाखाली पूर्वी झोपडी होती ती मोकळी जागा. खाली लिहिलं होतं, 'ओळखलं का?'

मी ओळखलं. ती माझ्या माहेरची बोडी होती. सावली तालुक्यातलं, वैनगंगेच्या काठाजवळचं गाव. मी डबा बंद केला आणि पुढच्या तासाला वर्गात गेले. मुलांना काय शिकवलं ते मला आठवत नाही.

त्या नंबरवरून आदल्या आठवड्यात दोनदा फोन आला होता. एका बाईनं माझ्या गावाचं नाव घेऊन विचारलं होतं, "तुमी तिथल्याच ना?" मी "राँग नंबर" म्हणून फोन कापला होता. एवढंच. पण या फोनचं मी पुढे कुणालाच सांगितलं नाही, आणि जे झालं त्यात त्या न सांगण्याचा मोठा वाटा आहे.

दुसरा फोटो माझाच होता, पाठमोरा. मी स्कूटीवरून शाळेच्या फाटकातून आत वळत होते. तिसरा आमच्या चंद्रपूरच्या घराचा होता. दारात माझ्या मुलीची सायकल दिसत होती. खाली काही लिहिलेलं नव्हतं. त्या दिवसापासून मी मुलीला ट्यूशनला एकटं सोडेनाशी झाले. नवऱ्याला म्हणाले, रस्त्यावर ट्रक फार वाढलेत.

मग सावलीहून मैत्रिणीचा फोन आला. ती तिथं अंगणवाडी सेविका आहे. लहानपणी आम्ही तिघी सदा बरोबर असायचो. ही, मी, आणि तिसरी, जिला पुढे गडचिरोलीला दिली. तिसरीचा नवरा रेतीचा ठेकेदार आहे. लग्नांनंतर आमच्या भेटी लग्नकार्यापुरत्याच उरल्या होत्या.

"तुले काही फोटो येऊन राह्यले का?" अंगणवाडीवालीनं विचारलं.

"तुलाही?"

"मलेही. अन् तिलेही. तिच्या बंगल्याच्या गेटचा आला."

एका दुपारी मुलं घरी गेल्यावर तिच्या अंगणवाडीत आम्ही तिघी भेटलो. भिंतीवर फळांची चित्रं होती. आम्ही मुलांच्या सतरंजीवर बसलो आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या गोष्टीबद्दल बोललो.

ती गोष्ट इथं सांगायलाच हवी.

आम्ही सातवीत होतो. नदीपलीकडे मार्कंड्याच्या देवळांची जत्रा भरली होती. नदीच्या या काठावरून जत्रा ऐकू यायची. आम्ही शाळेला म्हणून निघालो आणि लोकांच्या गर्दीत मिसळून डोंग्यात बसून पलीकडे गेलो. दिवसभर देवळांच्या आवारात हिंडलो, बर्फाचे गोळे खाल्ले, उघड्यावरची भजी खाल्ली. परतताना उशीर झाला. गावात शिरायची वाट बोडीच्या पाळीवरून होती.

पाळीवर एक ढिवर समाजातली विधवा बाई राहायची. बोडीतली मासोळी धरून विकायची. गावातल्या लेकरांचं पोट दुखलं की बायका तिच्याकडूनच कसलीशी साल उगाळून आणायच्या. तिला एक लहान पोरगी होती, अजून शाळेतही न घातलेली. आम्हाला पाहून ती बाई हसली.

"नदीकडून कुठून येऊन राह्यल्या व पोरींनो? शाळा तर इकडे आहे."

आम्ही पळालो. ती घरी सांगेल या भीतीनं मला जेवण गेलं नाही.

तिला सांगायची वेळच आली नाही. आमच्यातली तिसरी त्याच रात्री ओकायला लागली. सकाळी तिला ताप चढला, ती बरळू लागली. तिच्या आईनं आम्हा दोघींना बोलावून घेतलं. घरात बायका जमल्या होत्या. तिनं विचारलं, "काल कोणाच्या हातचं काय खाल्लं तुमी? खरं सांगा."

खरं सांगितलं असतं तर जत्रेचं बाहेर पडलं असतं. माझ्या वडिलांचा हात फार जड होता. मी म्हणाले, "बोडीवरच्या बाईनं फुटाणे दिले."

मला अजून आठवतं, हे बोलायला मला काहीही जड गेलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं. आता ती बाई आमच्याबद्दल काही सांगायला आली तरी कोणी ऐकणार नाही, एवढं त्या वयातही मला कळत होतं.

संध्याकाळपर्यंत शेजारच्या गावचा मांत्रिक आला. मारुतीच्या देवळासमोर माणसं जमली. बाईला आणलं. आम्हा तिघींना पुढे उभं केलं. तिसरीला तर दोघींनी धरून उभं करावं लागलं. मांत्रिकानं विचारलं, "कोण?"

ती बाई म्हणाली, "पोरींनो, माह्याकडे पाहा. मी काय दिलं तुमाले?"

आम्ही बोट दाखवलं.

मग कातर आली, चिंचेचे फोक आले. बाईचे केस कापले. तिला मारलं. तिची पोरगी देवळाच्या ओट्याला पाठ लावून ओरडत होती आणि कोणी तिला उचलून घेत नव्हतं. मी शेवटपर्यंत पाहिलं नाही. आई मला घरी घेऊन गेली आणि तिनं मला दूधभात भरवला, कारण मी घाबरले होते.

अंधार पडल्यावर ती बाई पोरीला घेऊन नदीकडे गेली. दुसऱ्या दिवशी तिची झोपडी जळालेली होती. पोलिसांत कोणी गेलं नाही. तिसरीला सावलीच्या दवाखान्यात सलाइन लावलं आणि ती बरी झाली. गावानं मानलं की बाई गेली म्हणूनच पोरगी वाचली.

अंगणवाडीच्या सतरंजीवर हे सगळं पुन्हा बोलून झाल्यावर मी म्हणाले, "आपण तिघीही लहान होतो."

गडचिरोलीवाली म्हणाली, "तिघी म्हणू नको. मी तापात होती. माह्यानं हात उचलत नव्हता. माह्या हात तूच धरून उचलला होता."

मी नाही म्हणणार होते. पण अंगणवाडीवाली खाली पाहत होती, त्यावरून कळलं की तिलाही तसंच आठवतंय. आणि मग मलाही आठवलं, तिचं मनगट किती गरम होतं ते.

"तिची पोरगीच असन," अंगणवाडीवाली म्हणाली. "आपण भेटू तिले. माफी मागू. मले तर रोज लेकरं सांभाळतानी तेच दिसते."

"माफी मागायले गेलं म्हणजे कबूल केलं," गडचिरोलीवाली म्हणाली. "उद्या मोबाइलवर फिरन. माह्या घरी निवडणुकीच्या तिकिटाची बोलणी चालू आहे. अन् हे एकट्या बाईचं काम नाई. चंद्रपूर, सावली, गडचिरोली, तिन्ही ठिकाणी फिरून फोटो काढते कोणी? माणूस आहे मागं. तुमाले कोणी दिसला का?"

फोनवर बाईचा आवाज होता, हे सांगायची ती वेळ होती. पण मग मी फोन कापल्याचंही सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "आमच्या गल्लीत एक आटोवाला थांबतो."

तो खरंच थांबायचा. सकाळी मी निघताना आणि दुपारी मी परतताना, आमच्या घरापासून थोड्या अंतरावर. दाढीवाला, मध्यमवयीन मुसलमान माणूस. माझ्याकडे पाहायचा, म्हणजे मी त्याच्याकडे पाहिलं की तो पाहायचा. माझी खात्री झाली होती. दोन दिवसांनी मी गच्चीवरून त्याचा फोटो काढला, नंबरप्लेट दिसेल असा, आणि गडचिरोलीला पाठवला.

तिचं उत्तर आलं, 'हाच का?'

मी लिहिलं, 'हाच.'

मी तो शब्द पाठवला आणि भाजी चिरायला घेतली. त्यांनी काय करावं असं मला वाटत होतं? दम देतील, तो नंबर कोणाचा ते विचारतील, असं मी स्वतःला सांगत होते. रेतीच्या धंद्यातली माणसं दम कसा देतात हे आमच्या भागात लहान मुलालाही माहीत आहे.

दोन दिवसांनी मी शाळेतून आले तर गल्लीत काचा पडलेल्या. शेजारच्या काकू फाटकात उभ्या होत्या.

"भरदिवसा मारलं हो त्याला," त्या म्हणाल्या. "जीपमधून आले, काही विचारलं नाही न सवरलं नाही. हात मोडला त्याचा. कोपऱ्यावरच्या नव्या भाडेकरूंच्या जुळ्या मुलांना शाळेत नेतो बिचारा. आता कोण नेईल त्यांना?"

मी विचारलं, "रोज त्यासाठीच थांबायचा?"

"मग कशासाठी थांबेल?"

मी घरात आले आणि आतून कडी लावली. मोबाइलवर नवा फोटो आला होता. आमचीच गल्ली, काचा, उलटलेला आटो. खाली लिहिलं होतं, 'हा कोण होता?'

ते वाचून मला आधी भीती वाटली, की ती इथं आहे, तिनं हे पाहिलं. लाज नंतर वाटली. कुठलं आधी आलं आणि कुठलं नंतर, हे मला नेमकं ठाऊक आहे आणि ते बदलता येत नाही.

मी गडचिरोलीला फोन केला. "तो नव्हता. तो पोरांना नेणारा आटोवाला आहे."

"तूच तर म्हटली हाच म्हणून."

"हो."

"मंग आता मले काऊन सांगून राह्यली? झालं ते झालं. ज्याले समजायचं त्याले समजलं असन." आणि तिनं फोन ठेवला.

अंगणवाडीवालीनं मात्र मी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "मी त्या नंबरवर फोन लावते." तिनं लावला. पलीकडून एका बाईनं शांतपणे सांगितलं की रविवारी मार्कंड्याला या, देवळामागच्या घाटावर, दुपारी.

आम्ही दोघी गेलो. तिसरी आली नाही. जत्रेचे दिवस नव्हते. आवारात थोडी माणसं होती, दगडी मूर्तींच्या सावलीत कुत्री झोपली होती. घाटाच्या पायरीवर एक बाई बसली होती. बाजूला टोपली, पदरानं झाकलेली. तिनं वर पाहिलं आणि मी जागीच थांबले.

ती आमच्या गल्लीत बाजाराच्या दिवशी सुकी मासोळी आणि झिंगे घेऊन येणारी बाई होती. माझ्या फाटकाशी बसायची. मी तिच्याकडून कित्येकदा झिंगे घेतले होते. एकदा तिनं पाणी मागितलं तेव्हा मुलीच्या हातून पाठवलं होतं. तिच्या तोंडाकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

"बसा," ती म्हणाली.

आम्ही खालच्या पायरीवर बसलो. अंगणवाडीवाली लगेच रडायला लागली. ती बाई तिला गप्प बसवायला गेली नाही, रडू दिलं.

"माय मागच्या पावसाळ्यात गेली," ती सांगू लागली. "आमी चामोर्शीकडे राह्यलो. मामानं ठेवलं. मायनं कधी तुमचं नाव घेतलं नाई. लेकराच्या तोंडून निघालं म्हणे, लेकरू काय जाणते. मलेही तुमाले शोधाचं नव्हतं. पण माह्या पोरीचं लग्न जमलं होतं. कुंकू लागलं होतं. मंग पोराच्या आत्याले कोणी तरी सांगतलं, हिची आजी करणी करत होती, गावानं काढली होती. सोयरीक मोडली. पोरगी घरातून निघत नाई."

"आमी काय करू?" अंगणवाडीवालीनं विचारलं.

"तुमी गावात येऊन सांगा. जिथं बोट दाखवलं तिथंच. दुसरं मले काही नको."

मी विचारलं, "मग ते फोटो? माझ्या मुलीची सायकल? सरळ सांगायचं होतंस."

हा प्रश्न मी विचारला, आणि तोही वर्गात मुलाला विचारावा तशा आवाजात. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"फोन केला होता तुमाले. दोनदा. गावाचं नाव ऐकून तुमी कापला. गडचिरोलीच्या बाईनं तर शिव्या देल्या. भेव वाटल्याशिवाय तुमी येणार नाई, हे मले समजलं. मी फक्त फोटो काढले. कोणाले हात नाई लावला." मग ती म्हणाली, "त्या आटोवाल्याले मारून राह्यले होते तवा मी तिथंच होती, टोपली घेऊन. तुमी कोणाचं तरी नाव घेतलं असन, मले तेव्हाच समजलं. दुसरा काही तुमचा सवभावच नाई."

अंगणवाडीवालीनं माझ्याकडे वळून पाहिलं. दोनदा आलेल्या फोनचं तिनं तिथं पहिल्यांदा ऐकलं होतं. परतीच्या बसमध्ये ती पुढच्या सीटवर जाऊन बसली.

गावात जायच्या आधी मी आटोवाल्याच्या घरी गेले. जुन्या परकोटाच्या आतली एक अरुंद गल्ली होती. तो खाटेवर बसला होता, हात प्लास्टरमध्ये. मला ओळखून त्यानं बायकोला खुर्ची आणायला सांगितलं. त्याला वाटलं मी विचारपूस करायला आले. त्या खुर्चीवर मला बसवेना.

मी उभ्यानंच सांगितलं. फोटो मी काढला, मी पाठवला, मी 'हाच' म्हणाले. कशासाठी तेही सांगितलं.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, मी तर समजलो माझ्याकडून कोणाच्या गाडीले कट लागला असन. रोज आठवून राह्यलो, कोणाले लागला, कोणाले लागला."

"तुम्ही तक्रार करा. मी साक्ष देते."

"रेतीवाल्यांच्या विरोधात? मी?" तो हसल्यासारखा झाला. "माझी पोरं याच शहरात आहेत, बाई."

त्याची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "तुमाले एकदा आमच्या माणसाला विचारता आलं असतं, भैया, इथं काऊन थांबता म्हणून. त्यानं सांगतलं असतं." मग म्हणाली, "आता जा तुमी."

मी फळं नेली होती. ती तिनं परत माझ्या हातात दिली.

गावात आम्ही पुढच्या रविवारी गेलो. अंगणवाडीवालीनं सरपंचबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. मारुतीच्या देवळासमोर आता शेड आहे, फरशी आहे. तीस-चाळीस माणसं जमली असतील, बरीचशी तरुण, ज्यांना ती गोष्ट फक्त ऐकून माहीत होती. मासोळीवाली शेडच्या कडेला आपल्या मुलीला घेऊन उभी होती. मुलीनं ओढणी नाकापर्यंत घेतली होती.

आधी अंगणवाडीवाली बोलली, रडत रडत. मग मी बोलले. जत्रा, भजी, बोडी, फुटाणे, तापातल्या मैत्रिणीचा उचललेला हात, सगळं सांगितलं. मला बोलायची सवय आहे. माझा आवाज चांगला लागला.

मागे एक म्हातारा बसला होता. त्या दिवशी कातर त्याच्याच हातात होती. तो उठून म्हणाला, "आता कायले काढता हे? तवा सगळेच होते." आणि काठी टेकत निघून गेला. माझा भाऊ आलाच नव्हता. वहिनीनं सांगितलं की या घरात आता पाऊल ठेवू नका, असं त्यानं सांगितलंय. पण बाकीच्यांनी ऐकलं. सरपंचबाईंनी सगळ्यांसमोर त्या मायलेकींना हात जोडले. आणि मग लोक माझ्याजवळ आले. एक तरुण म्हणाला, "मॅडम, लय मोठं मन लागते याले." कोणीतरी माझा व्हिडिओ काढला होता. तो गावाच्या ग्रुपवर गेला, तिथून आमच्या शाळेपर्यंत पोचला. मुख्याध्यापिकांनी परिपाठाला माझं उदाहरण दिलं. मी मान खाली घालून उभी होते, त्याला सगळ्यांनी नम्रता समजलं.

मासोळीवालीनं तसं समजलं नव्हतं. गावातून निघताना ती बसस्टॉपवर माझ्या शेजारी उभी होती. म्हणाली, "अर्धंच सांगतलं तुमी. लहानपणचं सांगाले सोपं राहते."

शेडमध्ये मी आटोवाल्याचा एक शब्दही काढला नव्हता. बारा वर्षांच्या पोरीची चूक सगळे पोटात घालत होते आणि मी त्या पोरीच्या मागे लपून बसले होते.

तिच्या मुलीची मोडलेली सोयरीक पुन्हा जुळली नाही. पोराकडच्यांनी व्हिडिओ पाहिला आणि आता त्यांचं दुसरीकडे ठरलंय असं कळवलं. मुलगी नर्सिंगला जाते असं अंगणवाडीवालीकडून कळलं. तिचं आणि मासोळीवालीचं अधूनमधून बोलणं होतं. माझ्याशी मासोळीवालीनं पुन्हा बोलणं ठेवलं नाही. आमच्या गल्लीत ती आता येत नाही.

पावसाळा सुरू झाल्यावर एक दिवस मी शाळेतून रजा घेतली आणि पोलीस ठाण्यात गेले. नवऱ्याला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. तो एवढंच म्हणाला, "मी इतके दिवस कोणाबरोबर राहतोय?" ठाण्यातल्या साहेबांनी माझं ऐकून घेतलं. गडचिरोलीच्या ठेकेदाराचं नाव निघाल्यावर त्यांनी लिहिणं थांबवलं, मग पुन्हा लिहिलं. आटोवाल्याला बोलावणं गेलं. त्यानं येऊन सांगितलं की मी पडलो होतो, मला कोणी मारलं नाही. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. मी त्याला न विचारता तिथं आले होते. त्याचं पुन्हा काय होईल याचा विचार या वेळीही मी केला नव्हता.

साहेब म्हणाले, "मॅडम, ज्याला मारलं तोच नाही म्हणतो. तुम्ही घरी जा."

बाहेर पाऊस होता. आटोवाला मोडका हात छातीशी धरून पायऱ्या उतरत होता. मी छत्री उघडून त्याच्या मागे गेले. त्यानं मागे न पाहता चांगला हात वर केला, नको म्हणून, आणि भिजत रस्ता ओलांडून गेला.